पायपेटीजवळ बसून बघा

लाइव्ह म्युझिक हवं तर गोव्याचे शॅक नाहीतर थेट पुणे-मुंबई, कोकणात रात्री नऊनंतर काही नसतं असं काही जण म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. कार्तिकी पौर्णिमेनंतर वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडीकडे या, गावोगावी जत्रा असतात आणि पालखी फिरून झाली की मध्यरात्री दशावतार, म्हणजे इथलं पौराणिक कथांचं लोकनाट्य, उभा राहतो तो पार उजाडेपर्यंत. लोक नाटक म्हणून बघतात, मीही तसंच बघायचो, पण दोन वर्षांपूर्वी जागा नव्हती म्हणून वाजवणाऱ्यांच्या अगदी बाजूला बसलो आणि शेजारचे एक म्हातारे आजोबा म्हणाले, "आधी पेटी आयक, मगे नटाकडे बघ." तेव्हापासून माझी जागा तीच.

पायपेटी म्हणजे हार्मोनियमच, पण तिचा भाता पायाने चालतो त्यामुळे दोन्ही हात सुरांवर मोकळे, सोबत मृदुंग आणि झांज, बास. आणि संवाद लिहिलेले नसतात हो! कथानक ठरलेलं, बाकी सगळं तिथल्या तिथे, म्हणजे नट पद म्हणजे गाणं कधी उचलेल ते पेटीवाल्याने त्याच्या तोंडाकडे बघूनच ओळखायचं. युद्धाच्या वेळी मृदुंगवाल्याची नजर नटाच्या पावलांवर खिळलेली असते, पाऊल आपटलं की थाप पडलीच, एवढ्या जवळून बघताना अंगावर काटा येतो. तिकीट नसतं, फक्त शाल घेऊन या, पहाटे दव पडतं. आणि सुरुवातीला येणारा संकासुर, म्हणजे वेद चोरणारा विनोदी राक्षस, चुकवू नका, त्याची मालवणी ऐकायलाच हवी.