द्राक्षबाग, कांद्याची ट्रॉली आणि नांगरणी, सगळ्याला एकच ट्रॅक्टर घ्यायचाय, २४ एचपीचा की ४५ चा?

दिंडोरीवाला
नमस्कार मंडळी, जरा सल्ला पाहिजे. आमची दिंडोरी तालुक्यात साडेसात एकर आहे, त्यात चार एकर द्राक्ष, थॉमसन जात, ९ बाय ५ फुटांवर, वाय पद्धत (वाय आकाराच्या अँगलवर वेली). बाकीच्यात पावसाळ्यात सोयाबीन, नंतर उन्हाळ कांदा, एखाद्या वर्षी थोडा गहू. आतापर्यंत फवारणी चुलत्यांच्या ट्रॅक्टरवर चालायची पण आता त्यांनीपण बाग वाढवलीय, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डावणीच्या (द्राक्षावरच्या बुरशी रोगाच्या) भीतीने दोघांनाही एकाच सकाळी ब्लोअर (ट्रॅक्टरवरचा फवारणीचा पंखा) लागतो, तिथं कोण कोणासाठी थांबणार. म्हणून स्वतःचा घ्यायचं ठरलंय.

घरात दोन पार्ट्या पडल्यात. भाऊ म्हणतो २४ एचपीचा मिनी फोरव्हील (चारही चाकांना ताकद जाणारा) घे. वडील म्हणतात मिनी म्हणजे खेळणं, अजून लाख-दीड लाख टाकले की ४५ चा येतो, नांगरणी घरची होईल, पिंपळगावच्या बाजारात कांदा आपला आपण नेऊ. मला दोघांचंही पटतंय हीच अडचण आहे. ज्यांच्याकडे बाग आणि कांदा दोन्ही आहे त्यांनी सांगा.

उगावचा बागवाला
भाऊ आधी टेप घेऊन बागेत जा, शोरूमला नंतर. ९ फूट हे खोडापासून खोडापर्यंत झालं. डिसेंबरमध्ये दोन्हीकडून काड्या खाली आलेल्या असतात, घड लोंबत असतात, तेव्हा मधे मोकळी जागा किती उरते ते मोजा. ४५ चा ट्रॅक्टर मडगार्डसकट साडेपाच पावणेसहा फूट भरतो, मिनी साडेतीन-चारच्या आसपास. मोठा एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर सहज जाईल, वडील तेव्हाच बघून म्हणतील बसतो की! पण माल भरल्यावर तोच ट्रॅक्टर घड घासत जाणार आणि घासलेल्या मण्यावर डाग राहतो, एक्स्पोर्टवाला असा घड कात्रीने बाजूला काढतो. तुमचं एका सीझनचं नुकसान त्या लाख-दीड लाखापेक्षा कमी नसेल.

दुसरं वजन. ४५ चा पावणेदोन-दोन टनाचा असतो, २४ चा फोरव्हील साधारण टनाच्या आतबाहेर. छाटणीपासून माल निघेपर्यंत तुम्ही त्याच ओळीत, त्याच चाकोरीत किती वेळा जाता विचार करा, आणि जाता कधी, तर पाऊस उघडल्यावर जमीन ओली असतानाच, कारण डावणी वाळायची वाट बघत नाही. काळ्या जमिनीत ओलीवर दोन टन फिरवले की चाकोरी दगडासारखी दाबली जाते, पांढरी मुळी (अन्न-पाणी शोषणारी) तिथं चालत नाही, मग आपण ड्रिपमधून ह्युमिक (मुळी वाढवायचं टॉनिक) सोडत बसतो. आमच्या गावात जुन्या बागांमध्ये हेच झालंय, ट्रॅक्टर मोठा बाग छोटी.

आणि फोरव्हीलच घ्या, टूव्हील मिनी स्वस्त मिळेल पण भरलेला ब्लोअर मागे लावून ओलीवर तो जागच्या जागी फिरतो.

ओझर गॅरेज
वरचे बागवाले बरोबर बोलले, थोडं मेकॅनिकच्या बाजूने सांगतो. सगळे एचपी एचपी करतात पण बोनेटवर लिहिलेला आकडा इंजिनचा असतो. ब्लोअर, रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारं यंत्र) चालतात पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तिथं पोचेपर्यंत पंधरा टक्क्यांच्या आसपास ताकद कमी झालेली असते. म्हणजे २४ च्या इंजिनला मागे २० च्या आसपासच धरा. ६०० लिटरच्या ब्लोअरला ते पुरतं, पण ब्लोअर विकणाऱ्याला पंख्याला किती पीटीओ एचपी लागतो ते विचारूनच घ्या. १५-१८ चे ट्रॅक्टर घेऊन मोठा पंखा लावणारे लोक माझ्याकडे येतात, इंजिन गरम होतंय म्हणून. गरम नाही होणार तर काय थंड होणार.

लिफ्टचं पण बघा. मिनीची उचल साधारण साडेसातशे किलो, त्यात ६०० लिटर पाणी म्हणजे ६०० किलो झालंच, वर ब्लोअरचं लोखंड. म्हणून थ्री पॉइंटवर (लिफ्टच्या तीन जोडांवर) उचलायचा ब्लोअर असेल तर ४०० च्या पुढे जाऊ नका, ६०० हवा असेल तर चाकावरचा, मागे ओढायचा घ्या. आणि पुढे वजनं लावून घ्या, नाहीतर बांध चढताना पुढची चाकं हवेत.

आता ट्रॉली. मिनी ट्रॉली ओढतो का, ओढतो हो, सपाट डांबरीवर दोन-अडीच टन ओढेल. प्रश्न ओढायचा नाहीच, थांबवायचा आहे. आपल्याकडच्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. २५ क्विंटल कांदा आणि ट्रॉलीचं स्वतःचं टनभर धरा, मागे साडेतीन टन, पुढे ट्रॅक्टर एक टनाचा. उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते, आणि त्यात हँडल वळलं की आडवी होऊन घडी बसते. ब्रेक कितीही चांगले असू द्या, चाकच घसरतं कारण ट्रॅक्टरमध्ये तेवढं वजनच नाही. ४५ चा तिथं बरा म्हणायचा, तोही दुसऱ्या गिअरमध्ये उतरला तर.

चांदवडकर
मला नाही पटलं सगळं. द्राक्षवाल्यांना बागेपलीकडे काही दिसतच नाही 😄 आमच्याकडे कांदा आणि मका, बाग थोडीच. मे महिन्यात नांगर भाड्याने बघा म्हणजे कळेल, वळवाचा पाऊस पडला की आख्ख्या गावाला एकाच आठवड्यात नांगर पाहिजे असतो आणि ट्रॅक्टरवाला आधी भावकीचं करतो मग आपलं. काळ्या जमिनीत दोन फाळी पलटी नांगर वीतभर खोल घालायचा तर ४५-५० शिवाय नाद नाही, २४ ने नुसती वरची ढेकळं हलतात. घरचा मोठा असला की आपल्या वेळेला आपलं काम होतं, वर चार लोकांची नांगरणी करून हप्ता पण निघतो. माझं मत, जुना ४५ चा घ्या, बागेसाठी चुलत्यांबरोबर भागीत मिनी घ्या.

उगावचा बागवाला
चांदवडकर, भागीतल्या फवारणीच्या ट्रॅक्टरवरूनच तर हा प्रश्न आलाय ना राव. चुलत्याला आणि यांना एकाच सकाळी लागतो असं त्यांनी वरच लिहिलंय. नांगरणीला दोन-चार दिवस मागंपुढं झालं तर चालतं, फवारणीला दुपारपर्यंत पण चालत नाही. आणि यांची नांगरायची जमीन किती, साडेतीन एकर. मोठ्या ट्रॅक्टरचं एका दिवसाचं काम आहे ते. त्यात कांद्याला दर वर्षी खोल नांगर लागतो असंही नाही, सोयाबीन निघाल्यावर रोटर (रोटाव्हेटर) मारून सऱ्या-वाफे किंवा बेड पाडले की भागतं, आणि चार फुटी रोटर मिनी निवांत ओढतो. एका दिवसासाठी वर्षभर दोन टन दारात उभे करायचे?

तुमचं गणित वेगळं आहे हे मान्य. तुमच्याकडे बाग थोडी आणि मका जास्त, तुम्ही मोठाच घ्यायला पाहिजे.

चांदवडकर
हां, साडेतीन एकरला नाही परवडणार ते खरंय. मी साडेसात धरून चाललो होतो. पण नांगरवाल्याला एप्रिलमध्येच सांगून ठेवा, थोडा ॲडव्हान्स देऊन. आणि ट्रॉलीचं ओझरवाले म्हणतात ते शंभर टक्के, राहुड घाटात आम्ही बघतो ना.

दिंडोरीवाला
सगळ्यांचे आभार, काल संध्याकाळी टेप लावून आलो, सध्या पाला असताना मधे साडेपाच फूट पण धड भरत नाही. वडिलांना तिथंच उभं करून दाखवलं, आता मिनीला होकार आहे पण कांद्याचं काय करायचं म्हणतात. मिनीला छोटी ट्रॉली घेऊ का? द्राक्षाचं टेन्शन नाही, व्यापाऱ्याची गाडी बांधावर येते, क्रेट भरून घेऊन जाते.

सटाणा एक्सप्रेस
कांद्याला पिकअप सांगा भाड्याने. बाजार समितीत लिलाव गाडीतला माल बघून होतो, ट्रॉली असो की पिकअप, भावात फरक पडत नाही. १.७ टनवाली बोलेरो पिकअप म्हणजे नियमाने सतराच क्विंटल, वर भरतात सगळे पण तुम्ही भरू नका. दोन खेपा होतील पण कांदाचाळीतून भाव बघून थोडा थोडा काढायचा असतो तेव्हा तेच सोयीचं, भाव पडला तर सगळा माल एकदम रस्त्यावर नसतो. छोटी ट्रॉली घ्या, पण शेतातून चाळीपर्यंत आणि शेणखत टाकायला. हायवेवर नको.

बागेला मंडप (डोक्यावर तारांचं सपाट छत) असता तर सायलेन्सर आणि स्टेअरिंगची उंची पण बघायला लागली असती, वायमध्ये तेवढा त्रास नाही, तरी आडवा किंवा खालून जाणारा सायलेन्सर असलेलं व्हाइनयार्ड मॉडेल मिळालं तर तेच घ्या.

ओझर गॅरेज
अनुदान घेणार असाल तर महाडीबीटीवर (सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) आधी अर्ज, पूर्वसंमती आल्यावरच बिल. आधी ट्रॅक्टर उचलून नंतर अर्ज केला तर काही मिळत नाही, शोरूमवाला काहीही सांगू दे. जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय, कोटेशनमध्ये तो तसाच धरलाय का ते बघून घ्या.

आणि डेमो घेताना रिकामा ट्रॅक्टर फिरवून समाधान मानू नका. तुमच्याच बागेत आणायला लावा, टाकी काठोकाठ भरून, ड्रिप चालू ठेवून ओली केलेल्या ओळीत, आणि ओळीच्या शेवटी कडेच्या खांबांचे ताण (तारा) न लागता एका दमात वळतो का ते बघा. वळताना मागेपुढे करायला लागलं तर पुढच्या कंपनीच्या शोरूमला फोन लावा.