मदत हवी आहे: हुंग गारचा घोडा, गुडघा आणि न जमणारा क्रौंच

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त हाँगकाँगला असते, वय चाळिशीच्या पुढे. इथे हुंग गार शिकतेय. दक्षिण चीनमधली, ग्वांगडोंगकडची ही जुनी कुंग फू शैली. वाघ आणि क्रौंच हे तिचे मुख्य प्राणी. सिनेमांमुळे सगळ्यांना ठाऊक असलेला वाँग फेइ-हुंग याच परंपरेतला. आमची शाखा त्याचा शिष्य लाम साइ-विंग याची. कराटे, कुस्ती, मल्लखांबवाल्यांनीही बिनधास्त सांगावं.

मुख्य दुखणं गुडघ्याचं. आमच्याकडे सगळा डोलारा 'सेइ पिंग मा' या घोडा-पवित्र्यावर. पाय खांद्यांहून बरेच रुंद, पावलं समांतर, मांड्या जवळजवळ आडव्या होईपर्यंत खाली बसायचं आणि पाठ ताठ. पहिला संच (ठरलेल्या हालचालींची मालिका) 'गुंग जी फुक फू', म्हणजे वाघाला वश करण्याचा. त्यात या पवित्र्यातून सुटका अशी नाहीच. थोड्या वेळाने उजवा गुडघा आत झुकतो आणि वाटीच्या आतल्या बाजूला कळ येते. जिना चढताना काही नाही, उतरताना मात्र जीव जातो. एक्स-रे काढला, हाड ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, हे बंदच करा. (हा सल्ला कृपया इथे पुन्हा नको!)

पावलं जराशी बाहेर वळवली की कळ थांबते. मला वाटतं माझे खुबेच तेवढे उघडत नाहीत. पण सिफूंना (आमच्या गुरूंना) समांतरच हवीत, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही बरोबर आहे: पावलं वळलेली असली की तिथून पुढच्या पवित्र्यात जाताना टाच सरकते आणि ठोशामागची कंबर हरवते. मग वर बसू का? की खुब्यांचं वेगळं काही करू? बैठका मारणाऱ्यांनी सांगा.

सिफूंनी 'तित दा जाव' दिलंय, दारूत मुरवलेल्या वनौषधींचा अर्क. वाँग फेइ-हुंग स्वतः हाडवैद्य होता, त्यामुळे ही बाटली हुंग गारवाल्यांच्या घरात असतेच. हातावर हात आपटून काळंनिळं झालं की छान उतरतं. सांध्याच्या आतल्या कळेवर मात्र मला काडीचा फरक जाणवला नाही. कोणाला जाणवलाय?

दुसरं, 'फू होक स्युंग यिंग' हा वाघ-क्रौंच जोडसंच. वाघ जमतो. बोटं आकड्यासारखी वळवायची, तळवा पुढे, जोर पाठीतून. राग काढायला उत्तम. क्रौंचाला एका पायावर उभं राहून पाची बोटांची टोकं जुळवून चोच करायची आणि मनगट सैल ठेवून टोचायचं. तिथे माझा खांदा कानाला चिकटतो आणि तोल जातो. जुने लोक म्हणतात वाघ हाडं घडवतो, बिबळ्या ताकद. क्रौंचाच्या वाट्याला काय येतं ते शरीराला कळेपर्यंत मी बहुधा निवृत्त होईन. खांदा सैल सोडायचा एखादा वेगळा व्यायाम आहे का?

भर: पहिल्या प्रतिसादात विचारलंय म्हणून, बूट पातळ तळाचे आहेत आणि फरशी सिमेंटची. पवित्र्याचा मागून काढलेला फोटो रात्री टाकते, त्यात उजवा गुडघा झुकलेला स्पष्ट दिसतो.