‘इन मफ्टी’ म्हणजे नेमके कसे कपडे?

प्रश्न: ‘द ऑफिसर वॉज इन मफ्टी’ असं वाक्य वाचलं. मुफ्ती म्हणजे फतवा देणारे धर्मपंडित ना? मग कपड्यांचा संबंध कुठून आला?

उत्तर १: ज्याला एरवी गणवेश सक्तीचा आहे, तो साध्या कपड्यांत आहे, एवढाच अर्थ. ही अट विसरली की घोटाळा होतो. गणवेशच नसलेल्याने टी-शर्ट घातला तर त्याला ‘इन मफ्टी’ म्हणत नाहीत. आणि ‘इन’नंतर ‘अ’ लावू नका.

उत्तर २: शब्द तुम्ही म्हणता तोच, अरबी. १९व्या शतकाच्या सुरुवातीला तो ब्रिटिश सैन्यात रुळला. कामावर नसताना अधिकारी फुलाफुलांचा झगा, गोंड्याची टोपी आणि सपाता अशा वेशात बसत. इंग्लिश रंगभूमीवरचा मुफ्ती साधारण तसाच दिसे, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. मला ही व्युत्पत्ती पटते, कारण झगा, टोपी, सपाता तिन्ही जुळतात.

उत्तर ३: ‘सिव्हीज’ याच अर्थाचा, पण बोलीतला. न्यूझीलंडच्या शाळांत ‘मफ्टी डे’ असतो, म्हणजे त्या दिवशी गणवेशाला सुट्टी. भाषांतर करताना ‘साध्या वेशात’ लिहा. ‘घरच्या कपड्यांत’ लिहिलं तर गणवेशाचा संदर्भच हरवतो.