बोटीच्या कठड्याचा खांब पुन्हा पुन्हा ढिला होतोय, त्याबद्दल

बोल्ट आवळूनही कठड्याचा खांब महिन्याभरात परत हलायला लागतो, असं तुम्ही लिहिलंय. कृपया आता आणखी आवळू नका. दोष बहुतेक बोल्टात नाही, खांबाखालच्या डेकमध्ये, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठभागात आहे. फायबरच्या दोन थरांमध्ये लाकडाचा गाभा असेल तर भोकातून पाणी शिरून तो कुजतो, आणि आवळलं की डेक दबत जातो. माझ्या बोटीचा बोल्ट काढला तेव्हा भोकातून चहाच्या रंगाचं पाणी आलं. वाकवलेल्या तारेने खरवडलं तर ओला भुसा निघाला.

कुजका भाग काढून आतून पूर्ण वाळू दिलं, खालून टेप लावून इपॉक्सी (घट्ट होणारी राळ) भरलं आणि ते कडक झाल्यावर त्यातूनच नवं भोक पाडलं. खाली नुसते वॉशर पुरत नाहीत, जाड धातूची पट्टी हवीच. सीलंट (पाणी अडवणारा चिकट लेप) लावल्यावर बोल्टचं डोकं धरून ठेवा आणि फक्त नट फिरवा, नाहीतर सीलंट तुटतं.

जुने बोल्ट परत वापरू नका. स्टेनलेस असले तरी डेकच्या आत, जिथे पाणी साचतं पण हवा पोचत नाही, तिथे ते गंजाने खाल्ले जातात. वरचं डोकं मात्र चकचकीतच दिसतं. आणि काम होईपर्यंत त्या कठड्याला कुणालाही रेलू देऊ नका.