गाव लातूर, म्हणून पगारही लातूरचा?

कर्वेनगरवाला
काल इथे एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिहिलं, "लातूरला वॉचमन नऊ हजारांत मिळतो. आपल्याकडचे वॉचमन तिकडचेच. मग पुण्यात चौदा हजार कशासाठी? मेंटेनन्स कमी करायचा तर इथून सुरुवात करा." त्याखाली पन्नासेक अंगठे. रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या गेटवरचे काका लातूरजवळच्या औशाकडचे. वडगावात दहा बाय दहाची पत्र्याची खोली, तिघांत मिळून, भाडं साडेपाच हजार. गावी स्वतःचं घर आहे, ज्वारी घरची आहे. इथे पिठापासून गॅसपर्यंत सगळं विकत. घरमालक काय औशाच्या दरानं भाडं घेतो? वडापाववाला गाव विचारून पैसे कमी करतो? काका ज्या शहरात बारा तास उभे राहतात, त्या शहराचा पगार त्यांना मिळायला हवा. किमान वेतन ठरवतानाही राज्याची परिमंडळं पाडलेली आहेत, महापालिकांची शहरं पहिल्यात. काम कुठे चाललंय ते बघतात. माणूस जन्मला कुठे हे त्यात कुणी विचारत नाही.

सेक्रेटरी_बावधन
ते लिहिणारा मीच. जरा माझीही बाजू ऐका. चौऱ्याऐंशी फ्लॅट, त्यातले निम्मे पेन्शनवाले. एजन्सी एका गार्डचं बिल बावीस हजार लावते, वर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे सव्वीस हजार गेले. गार्डच्या हातात चौदा. मधले बारा हजार कुठे जातात? दर मीटिंगला शिव्या मी खातो.

कर्वेनगरवाला
मग शिव्या एजन्सीला घाला ना! तुम्ही लिहिलंत वॉचमनच्या गावाबद्दल.

धायरी_फाटा
लातूर राहू द्या, पुण्यातल्या पुण्यात बघा. माझा चुलतभाऊ एकाच एजन्सीत आधी बाणेरला होता, आता धायरीत. गणवेश तोच, शिट्टी तीच, रजिस्टर तेच. बाणेरला सतरा मिळायचे, इथे साडेबारा. दोन्ही महापालिका हद्दीत, म्हणजे परिमंडळ एकच. कायद्यानं फरक नाही, फरक टॉवरमधल्या लोकांच्या खिशाचा. भाऊ तेव्हाही धायरीतच राहायचा, भाडं तेच भरायचा. मग "जिथं काम तिथला दर" हा तुमचा नियम त्याच्या कुठे उपयोगी पडला?

हिंजवडी_रिटर्न
मागणी तसा भाव. बाणेरला व्हिजिटर अ‍ॅप चालवावं लागतं, इंग्रजी बोलावं लागतं. परवडत नसेल तर दुसरं काम बघावं.

परभणीकर
@हिंजवडी_रिटर्न मी केलंय हे काम. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आलो तेव्हा, दोन वर्षं, रात्रपाळी, सहकारनगरच्या बाजूला. एक प्लास्टिकची खुर्ची होती, डावा हात तुटलेला, तो नायलॉनच्या दोरीनं बांधलेला. त्या हातावर टेकलं की खुर्ची कलायची, म्हणून झोप लागली की लगेच जाग यायची. चेअरमन म्हणायचे, नवी नको, हीच बरी. संडास नव्हता. पहाटे चारला समोरच्या मोकळ्या प्लॉटवर जायचो. आणि तुम्ही म्हणता दुसरं काम बघावं.

आता सगळे चौदा-सतरा करताय, त्यात तासांचा हिशेब कुणीच धरला नाही. किमान वेतन आठ तासांचं असतं, आठवड्याची सुट्टी धरून. त्यावरच्या तासांना दुप्पट दर. बारा तास म्हणजे आठ अधिक चारचे दुप्पट आठ, झाले सोळा तासांचे पैसे. दोन पाळ्यांचे! कोणती सोसायटी देते? बाणेरही देत नाही.

मावळची_मुलगी
सगळीकडे एकच दर लावला की प्रश्न सुटतो असं वाटत असेल तर रोजगार हमीकडे बघा. २०२५-२६ला महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये, गडचिरोलीत तोच आणि लोणावळ्याशेजारी तोच. आमच्याकडे त्या दरात खड्डा खणायला कोण येणार? हरियाणात त्याच कामाला ४०० होते. ज्या महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा १९७७ला केला, त्याच महाराष्ट्रात ही गत.

नऱ्हे_आंबेगाव
सगळे भाड्यावर बोलताय, बसचं काय? २०२५च्या जूनपासून पीएमपीचा महिन्याचा पास नऊशेचा पंधराशे झाला. साडेबारा हजारात पंधराशे!

तिकीट_द्या
शिवाय सातच्या पाळीला पोचायचं तर पावणेसहाची बस हवी. येते का?

धायरी_फाटा
येते. न थांबता जाते.

कात्रज_टेकडी
माझी बायको हाउसकीपिंगला जाते. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, पीएमपीत पूर्ण. वर्षातून दोनदा माहेरी जाताना सवलत आणि रोज कामावर जाताना काही नाही. हे कुणाला सुचलं?

तिकीट_द्या
पीएमपी महापालिकांची, एसटी राज्याची. महापालिका तूट भरते, म्हणून...

कात्रज_टेकडी
तूट तूट सांगू नका हो! साठ रुपये वाचवायला ती कात्रजच्या चौकातून चालत येते, रात्री साडेआठला. तुम्ही चालून बघा एकदा त्या रस्त्यानं.

हिंजवडी_रिटर्न
विषय वॉचमनच्या पगाराचा होता ना? बसची रड वेगळ्या धाग्यावर काढा.

नऱ्हे_आंबेगाव
बस हाच पगार आहे साहेब. तुम्हाला कंपनीची कॅब न्यायला यायची, म्हणून कळत नाही.

हिंजवडी_रिटर्न
कॅबचे पैसे सीटीसीतून, म्हणजे पगाराच्या पॅकेजमधूनच कापायचे. माहिती नसेल तर बोलू नका.

परभणीकर
भांडा तुम्ही. @सेक्रेटरी_बावधन, तुमच्या बारा हजारांबद्दल सांगतो. त्यात पीएफ आहे, ईएसआय म्हणजे आजारपणाचा विमा आहे, निदान असायला हवं. गार्डची पेस्लिप मागवा आणि भरणा खरंच होतो का बघा. मी होतो तिथे कापायचे, भरायचे नाहीत. आणि १९८१च्या कायद्याखालचं सुरक्षा रक्षक मंडळ पुण्यात आहे. तिथून रक्षक घेतला तर पैसे मंडळाकडे भरायचे, पगार मंडळ करतं. स्वस्त पडणार नाही, पण मधला माणूस जातो.

सेक्रेटरी_बावधन
पेस्लिप आजवर मागितली नाही, हे खरं. उद्या मागतो. मंडळाचं मीटिंगमध्ये मांडतो, पण मेंटेनन्स वाढला तर माझ्या बाजूनं बोलायला तुमच्यापैकी कुणी येणार नाही, हेही लिहून ठेवा. लातूरचं उदाहरण चुकलं, मान्य. सव्वीस हजार जास्त आहेत, हे मी अजूनही म्हणतो.

कर्वेनगरवाला
सव्वीस जास्त आहेत, मलाही मान्य. पण कमी करायचे ते चौदाच्या वरचे.

परभणीकर
आणि खुर्ची बघा हो गेटवरची. आजच.