जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत मन ‘सांगून टाकतात’ म्हणे! (थोडं सविस्तर उत्तर)

निळी_शाई
परवा इथे एका महाशयांनी लिहिलं की जुने इंग्रज कादंबरीकार ‘तो संतापला, ती खिन्न झाली’ असं सांगून हात झटकतात, पात्राचं मन कसं दाखवायचं ते विसाव्या शतकात व्हर्जिनिया वुल्फ, जेम्स जॉइस हे कादंबरीकार आल्यावर कळलं, तोवर सगळी बालवाडी. वर ‘शो डोन्ट टेल’चा (सांगू नका, दाखवा) मंत्र. लोकांनी माना डोलावल्या. माझं डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

जेन ऑस्टिनची एमा काढा, १८१५ ची. सोळावं प्रकरण. एल्टन हा पाद्री बग्गीत एमालाच लग्नाची भलतीच मागणी घालून बसलाय, मैत्रीण हॅरिएटचं त्याच्याशी जुळवायचा एमाचा बेत पार धुळीला मिळालाय. घरी आल्यावर ऑस्टिनबाई काय लिहितात? केस कुरळे करून झाले, मोलकरीण गेली, आणि एमा विचार करायला आणि दुःखी व्हायला बसली. आधी केस, मग दुःख! अख्खी बाई कळली की नाही? आणि त्यापुढे जी हळहळ सुरू होते त्यातल्या कितीतरी वाक्यांना ‘असं तिला वाटलं’ हे शेपूटच नाहीये. निवेदिका बोलतेय की एमा, पत्ता लागू देत नाही, म्हणून तर आपण अख्खं पुस्तक तिच्या डोक्यात बसून तिच्यासारखेच फसत राहतो. वुल्फबाई जन्माला यायच्या साठसत्तर वर्षं आधी हे लिहून झालंय. बालवाडी म्हणे.

टपरीवरचा_समीक्षक
ते महाशय मीच. ताई, ऑस्टिन हा अपवाद आहे, तो काढून दाखवला की झालं का? बाकीच्यांचं काय? ट्रोलप घ्या. बार्चेस्टर टॉवर्समध्ये (१८५७) हा गृहस्थ मधेच थांबून वाचकाला सांगतो, घाबरू नका, नायिका एलिनर काही त्या स्लोपशी लग्न करणार नाही आणि बर्टीशीही नाही. अरे मग मी पुढे वाचू कशाला? हे माझं एकट्याचं रडगाणं नाही, कादंबरीकार हेन्री जेम्सने १८८४ मध्येच ट्रोलपचे कान उपटलेत, की तुम्ही स्वतःच वाचकाला हे सगळं खोटं आहे म्हणून सांगता.
आणि तुमची लाडकी, जॉर्ज एलियटबाईंची मिडलमार्च. डोरोथिया नवी नवरी, मधुचंद्राला रोममध्ये, खोलीत एकटी हमसून हमसून रडतेय, आणि एलियटबाई काय करतात? आपल्याला सगळंच ऐकू यायला लागलं, गवत वाढतानाचा आवाज आणि खारीच्या काळजाचे ठोके, तर त्या कल्लोळाने आपण मरून जाऊ वगैरे. बाई रडतेय आणि लेखिका प्रवचन देतेय! मी तिथेच पुस्तक मिटलं.

एमए_झालो_एकदाचा
समीक्षकांशी सहमत, पण खरा दोष कादंबऱ्यांचा नाही, शिकवणाऱ्यांचा. आमच्या कॉलेजात (नाव नको) एक सर होते, ते गाइडमधून ‘डोरोथियाचं स्वभावचित्र’ लिहून द्यायचे, सहा मुद्दे, प्रत्येकाखाली दोन ओळी. मी पेपरात लिहिलं की तिला स्वतःलाच आपलं काय चुकतंय ते कळत नाही हीच तिची मनोवस्था, तर शेरा मिळाला ‘मुद्दे नाहीत’. त्या सरांच्या मार्कांमुळे माझा फर्स्ट क्लास गेला, तेव्हापासून हा विषय निघाला की पित्त खवळतं.

गिरगावकर_काका
एमए साहेब, तुमचा फर्स्ट क्लास या धाग्याला कशाला?
मुद्द्यावर येतो. रॉबिन्सन क्रूसो, १७१९. निर्जन बेटावर वाळूत एकच पाऊल उमटलेलं दिसतं. डिफो ‘तो घाबरला’ एवढ्यावर थांबतो का? हा माणूस पळत सुटतो, मागे वळून वळून बघतो, त्याला प्रत्येक झुडूप माणूस वाटतं, घरात कसा शिरला तेही त्याला नंतर आठवत नाही. रात्रभर डोळा नाही. मग सैतानच आला असणार अशी समजूत. मग म्हणे माझंच पाऊल असेल. आणि शेवटी काय, जाऊन आपला पाय त्या ठशावर ठेवून बघतो, तर याचा पाय कितीतरी लहान! भीती कशी चालते याचा इतका पद्धतशीर हिशोब आजच्या थ्रिलरवाल्यांनी करून दाखवावा.

टपरीवरचा_समीक्षक
काका, तो डिफो ‘दाखवतोय’. म्हणजे मुद्दा माझाच झाला. धन्यवाद.

गिरगावकर_काका
तुम्ही ‘जुने सगळे सांगतात’ म्हणालात. आता जुना दाखवतोय म्हटल्यावर तोही तुमचाच. चीतही तुमची, पटही तुमचीच. चालू द्या.

सातारी_तिखट
अवांतर : या कादंबऱ्यांत बायका रडतात, लाजतात, चक्कर येऊन पडतात, आणि पुरुष काय, नुसते खिडकीबाहेर बघत उभे? पुरुषाला मनच नाही?

निळी_शाई
कोणत्या काळातला पुरुष त्यावर आहे ते. अठराव्या शतकात पुरुष धो धो रडायचे. मॅकेन्झीची द मॅन ऑफ फीलिंग (१७७१) बघा, नायक हार्ली ज्याचं दुःख ऐकेल त्याच्यासोबत रडतो, आणि तेव्हा हे सद्गुणाचं लक्षण होतं. पण पुढे हवा इतकी पालटली की हेन्री मॉर्लीने १८८६ च्या आवृत्तीला चक्क अश्रूंची सूची जोडली, कोण कुठल्या पानावर रडलं ते. लोक रडायचे ते हसायला लागले.

सातारी_तिखट
अश्रूंची सूची 😂 आमच्या घराण्याची काढली तर कोरं पान निघेल. आजोबा गेले तेव्हा वडिलांच्या डोळ्यात टिपूस नाही, सगळं सामान स्वतः आणलं, भटजींशी दक्षिणेवरून घासाघीस केली. वर्षभराने जुनी बजाज स्कूटर विकली, घेणारा गल्लीच्या टोकाला वळला आणि हे पायरीवर बसून ओक्साबोक्शी. आई म्हणाली, गप राहा, काही विचारू नको.

एमए_झालो_एकदाचा
माझे वडील बहिणीच्या पाठवणीला मांडवामागे गॅसच्या सिलिंडरशेजारी उभं राहून रडले. केटररने पाहिलं म्हणून कळलं, नाहीतर आजही कबूल करणार नाहीत.

कोथरूडची_वाचक
मग पिप आठवा ना. डिकन्सची ग्रेट एक्स्पेक्टेशन्स, १८६०-६१. लंडनला निघताना त्याला आपल्याला वाढवणाऱ्या लोहार मेहुण्याची, जोची लाज वाटते, बग्गीपर्यंत सोबत यायला नको म्हणून एकटाच निघतो, आणि गावाच्या टोकाला दिशादर्शक खांबावर हात ठेवतो आणि तिथे बांध फुटतो. म्हणजे व्हिक्टोरियन पुरुषही रडतो. पण माणसासमोर नाही, खांबासमोर.

गिरगावकर_काका
पण लगेच अश्रूंची लाज वाटायचं कारण नाही म्हणून दोन वाक्यं ऐकवतोच पिप. डिकन्सला राहवत नाही.

टपरीवरचा_समीक्षक
तेच म्हणतोय मी!! खांबावर थांबायला काय झालं होतं? आणि सगळे वडिलांवर का घसरलात, विषय काय चाललाय.

सातारी_तिखट
तुमच्या वडिलांनी कधी रडून दाखवलं नाही वाटतं, म्हणून एवढी चिडचिड.

टपरीवरचा_समीक्षक
वैयक्तिक होऊ नका. माझे वडील गेले तेव्हा मी परगावी होतो, एवढंच. आणि तेव्हा कुणी निवेदक येऊन माझ्या मनात काय चाललंय हे समजावून सांगितलं असतं ना, तर त्याचं डोकं फोडलं असतं. म्हणून मला हे लेखक झेपत नाहीत.

निळी_शाई
हे आधी सांगितलं असतंत तर मी निम्मं तिखट कमी टाकलं असतं. तरी मुद्दा सोडत नाही. तुम्ही विसाव्या प्रकरणात पुस्तक मिटलंत, आता एकोणतिसावं उघडा. एलियटबाई डोरोथियाबद्दल वाक्य सुरू करतात आणि मधेच तोडून स्वतःलाच विचारतात, पण दर वेळी डोरोथियाच का? या लग्नाबद्दल फक्त तिचंच म्हणणं ऐकायचं का? आणि वळतात त्या रुक्ष, म्हाताऱ्या, मिचमिच्या डोळ्यांच्या नवऱ्याकडे, कॅसॉबनकडे, ज्याचा आपण तोवर यथेच्छ राग करून बसलोय. त्याच्या ज्या चामखिळींची डोरोथियाच्या बहिणीला, सीलियाला किळस वाटते त्यांचीही आठवण करून देतात, आणि सांगतात की या माणसालाही आतून तेवढीच भूक आहे. हे निव्वळ ‘दाखवून’ होणार नाही, कारण कॅसॉबन आपलं मन कुणालाच दाखवत नाही, स्वतःलासुद्धा नाही. तिथे कुणीतरी सांगावंच लागतं.

कोथरूडची_वाचक
+१. म्हणूनच सिरीयल-पिक्चरमध्ये ही पुस्तकं मार खातात, निवेदक गेला की उरतात फक्त टोप्या आणि चहाचे कप. ऑस्टिनच्याच पर्स्वेजनवरच्या २०२२ च्या पिक्चरमध्ये तर नायिका अ‍ॅन थेट कॅमेऱ्यात बघून मनातलं बोलते. जी बाई आठ वर्षं गप्प बसली, ती आपल्याला डोळे मिचकावतेय!

टपरीवरचा_समीक्षक
बरं. एकोणतिसावं वाचलं. कॅसॉबनचं ठीक आहे, चांगलंय, मान्य. पण त्याच प्रकरणात परत तिने पानभर तत्त्वज्ञान झोडलंय, ते कोण निस्तरणार? ऑस्टिन पास, डिफो पास, एलियटला एटीकेटी.

निळी_शाई
शहाऐंशी प्रकरणांच्या पुस्तकातली एकवीस वाचून निकाल लावताय. असे परीक्षक असल्यावर एमए साहेबांचा फर्स्ट क्लास जाणारच.

एमए_झालो_एकदाचा
त्या जखमेवर मीठ चोळायची गरज नव्हती, ताई.

गिरगावकर_काका
सातारी, स्कूटर कुठलं मॉडेल होतं हो? चेतक असेल तर मी तुमच्या वडिलांच्या बाजूने.