शेवटचे दोन फ्री थ्रो चुकले. पुढच्या वर्षी टीममध्ये राहू का?

चारभिंती_७:
साताऱ्यात एसवायबीएस्सीला आहे, कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये पॉइंट गार्ड. परवा कराडला झोनलची सेमीफायनल होती. सहा सेकंद राहिलेले, आम्ही ४६–४७ मागे आणि मला दोन फ्री थ्रो, प्रत्येकी एक पॉइंट. पहिला रिंगच्या मागच्या कडेला लागून उडाला, दुसरा पुढच्या कडेला. संपलं. येताना एसटीत कुणी एक शब्द बोललं नाही. एकीनं तिच्यातलं भडंग पुढं केलं, तेव्हा जास्तच रडू आलं. आई म्हणते, आता टीवायचा अभ्यास कर. हातातली मॅच ज्यांनी घालवलीय, त्यांनीच सांगा.

पोवईनाका:
अगं, मी १९९९ ते २००२ साताऱ्यातच कॉलेजकडून खेळले. आता सांगलीत बँकेत आहे. पहिल्या वर्षी वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ होते. २००० साली नियम बदलले, चार क्वार्टर आले, बॉल हातात आल्यावर शॉट मारायला ३० सेकंदांचे २४ झाले. आमच्याकडे शॉट क्लॉक कुठलं? टेबलावरचा मुलगा मनगटावरच्या घड्याळात बघून ‘दहा!’ म्हणून ओरडायचा. सिमेंटचं कोर्ट, पावसाळ्यात एका कोपऱ्यात पाणी. तिथं बॉल उसळायचाच नाही, म्हणून पाहुण्या टीमला आम्ही मुद्दाम तिकडं रेटायचो. (हे सरांनी शिकवलेलं नाही.)

एका पॉइंटनं हरलेल्या तीन मॅच मला अजून पाठ आहेत. तशा जिंकलेल्याही असतील, पण एकच आठवते, तीही आमच्या सेंटरला खेळणाऱ्या मुलीचा बूट फाटला होता म्हणून.

शेवटच्या वर्षी माझं तुझ्यासारखंच झालं. माझा एकच चुकला, पण तेवढा पुरला. आठवडाभर जिमखान्याकडं फिरकले नाही. मग सरांनी बोलावून स्कोअरशीटची कार्बन कॉपी समोर ठेवली आणि स्वतः चहाला निघून गेले. बघते तर तिसऱ्या क्वार्टरला आमचे चार टीम फाउल झालेले आणि पाचवा माझा. मिडकोर्टजवळ, बास्केटकडं पाठ करून उभ्या असलेल्या मुलीच्या हाताला उगाच हात लावलेला. बोनस, म्हणजे क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलला समोरच्यांना फ्री थ्रो. दोन फ्री थ्रो, दोन्ही आत. ते फुकट दिलेले पॉइंट कुणाच्याच लक्षात नव्हते, माझ्यासुद्धा.

त्यानं बरं वाटलं का? छे. एकाच्या दोन चुका झाल्या. पण दुसरीवर काम करता येत होतं.

आणि एक विचारू? पहिला लांब गेला म्हणून दुसऱ्याला हात आखडलास ना? दमलेले पाय आणि आखडलेला हात, मग बॉल पुढच्याच कडेला लागणार. लाइन बोर्डापासून ४.६० मीटरवर, सकाळी ताज्या पायांनी डोळे मिटूनही जातात. कोर्टला पाच फेऱ्या मार, धापा टाकत दोनच टाक, परत पळ. आईला मार्कशीट दाखव, भांडू नको.

टेबलवाला_सांगली:
मी टेबलावर बसणारा माणूस, खेळाडू नव्हे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकची फायनल बघा. तीन सेकंद असताना डग कॉलिन्सनं दोन्ही फ्री थ्रो टाकले, अमेरिका ५०–४९ पुढं गेली. मग ते तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले आणि अलेक्झांडर बेलोव्हच्या बास्केटवर सोव्हिएत संघ ५१–५० जिंकला. अमेरिकेच्या खेळाडूंनी चिडून रौप्यपदकं घेतलीच नाहीत. तुमच्याकडं तर सहा सेकंद होते. दोन्ही आत गेले असते तरी समोरच्यांच्या हातात बॉल येणारच होता. बाकी मॅडमशी सहमत, शीट मागून घ्या.

चारभिंती_७:
ताई, हो, हात आखडला होता. तुम्हाला कसं कळलं?
सरांकडून शीट घेतली. दुसऱ्या क्वार्टरला आम्ही १९ वरच अडकलोय आणि समोरच्यांचे सलग ११. त्यातले निदान दोन वेळा बॉल माझ्याच हातातून गेलेला, मला चांगलं आठवतंय. कुणी काही बोललं नव्हतं तेव्हा. आईला अजून विचारलेलं नाही. उद्या साडेसहाला कोर्टवर जाते, आधी पाच फेऱ्या.
आमच्याही कोर्टला एका कोपऱ्यात पाणी साचतं. तुमचं कॉलेज कुठलं?

पोवईनाका:
उजवीकडचा कोपरा, पिंपळाखालचा?

चारभिंती_७:
हो!! पिंपळ तेवढा तोडलाय.